बोट तिसऱ्या ओळीवर

दुसरीतला एक मुलगा मला धडा वाचून दाखवत होता. आवाज खणखणीत, उच्चार स्वच्छ, पूर्णविरामापाशी नीट थांबत होता. शेजारी उभ्या असलेल्या त्याच्या बाई कौतुकानं बघत होत्या. याचं नाव मी ‘वाचायला अडणारी मुलं’ या यादीत का घातलं, हा प्रश्न त्यांच्या चेहऱ्यावर स्पष्ट होता. मी मुलाच्या बोटाकडे बघत होते. तोंड पाचव्या ओळीत आणि बोट तिसऱ्या. धडा संपला तेव्हा बोटापुढे अजून दोन ओळी शिल्लक होत्या. मग मी आजूबाजूचं सगळं पट्टीनं झाकलं आणि त्याच धड्यातला एकच शब्द उघडा ठेवला: ‘पिशवी’. तो थबकला. शब्दाकडे कमी आणि माझ्या तोंडाकडे जास्त बघत म्हणाला, ‘पाणी?’

सबंध धडा त्याला पाठ होता. गणपतीत आरत्यांचं पुस्तक नुसतं हातात धरून, पान न उलटता सगळ्या आरत्या म्हणणारे काका असतात ना, तसा. काकांना वाचताही येतं, एवढाच फरक.

सत्तावीस वर्षं मी पुण्यात हेच काम करते आहे. आधी एका अनुदानित मराठी शाळेत शिक्षिका म्हणून, मग शाळा सोडून दांडेकर पुलाजवळच्या एका खोलीत. ‘तुम्ही नक्की काय करता?’ याचं उत्तर मला अजूनही पटकन देता येत नाही. क्लास म्हणावा तर मी पोर्शन पूर्ण करत नाही. समुपदेशक नाही, डॉक्टर तर नाहीच. मुलांना वाचायला शिकवते म्हटलं की समोरचा विचारतो, ‘मग शाळेत काय करतात?’ प्रश्न रास्त आहे.

राज्यातली मुलं ज्या पुस्तकांतून वाचायला शिकतात ती १९६७ सालापासून आमच्या सेनापती बापट रस्त्यावर, बालभारतीत तयार होतात. शिक्षकांना काय प्रशिक्षण द्यायचं हे कुमठेकर रस्त्यावर ठरतं, दहावीचा पेपर कसा असावा हे शिवाजीनगरला. रिक्षानं अर्ध्या-पाऊण तासात तिन्ही ठिकाणी जाऊन येता येईल. जूनमध्ये पुस्तकांच्या दुकानांनी भरलेल्या अप्पा बळवंत चौकात पाय ठेवायला जागा नसते. आणि तिथून चालत जाता येईल अशा वस्तीतला चौथीतला मुलगा बसथांब्यावर शेजारच्या बाईंना विचारतो, ‘काकू, ही कात्रजला जाते का?’ पाटी त्याच्या डोळ्यांसमोर असते.

माझं म्हणणं एवढंच आहे की वाचायला अडणाऱ्या मुलाला आपण दहावीत सवलत देतो, पण दुसरीत शिक्षक देत नाही. आणि मधली आठ वर्षं आपण त्याच्या नावाची चिकित्सा करण्यात घालवतो. आळशी, ढ, मंद, स्लो लर्नर, आणि बापाच्या खिशात पैसे असतील तर एलडी, म्हणजे लर्निंग डिसॅबिलिटी.

सवलतींच्या मी विरोधात नाही. उलट महाराष्ट्रानं नव्वदच्या दशकातच डिस्लेक्सिया असलेल्या, म्हणजे बुद्धी चांगली असूनही वाचन-लेखन जड जाणाऱ्या मुलांना बोर्डाच्या परीक्षेत जादा वेळ आणि लेखनिक द्यायला सुरुवात केली, त्या वेळी हा शब्दही फारसा कुणाला ठाऊक नव्हता. याचा मला अभिमान वाटतो. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यानं तर विशिष्ट अध्ययन अक्षमतेला (डिस्लेक्सिया त्यातच येतो) एकवीस दिव्यांगत्वांच्या यादीत जागा दिली. पण कायद्याचं दार उघडतं ते दाखला दाखवल्यावर. दाखल्यासाठी तपासणी, तपासणीसाठी वय साधारण आठ पूर्ण, म्हणजे मूल तिसरीत गेल्यावर. मग सरकारी रुग्णालयात तारीख, ती चार-सहा महिन्यांनंतरची. माझ्याकडच्या एका आईनं तीन वेळा अर्धा दिवस खाडा केला. ती ज्यांच्याकडे स्वयंपाक करते त्यांनी तिसऱ्या खेपेला पगार कापला. चौथ्या खेपेला ती गेलीच नाही. मुलगा तोवर पाचवीत पोचला होता आणि मागच्या बाकावर बसून फळ्याकडे बघत राहण्यात तरबेज झाला होता.

दुसऱ्या टोकाला कोथरूड-बाणेरकडची काही सुखवस्तू घरं. तिथे दाखल्याची फाइल नववीतच तयार असते, कारण गणिताऐवजी दुसरा विषय घेता येतो का, हे बघायचं असतं. ‘लोक मुद्दाम दाखले काढतात’ अशी ओरड होते ती यांच्यामुळे. असे पालक असतात, मी पाहिले आहेत. पण त्यांच्यावर चिडून काय होणार? दाखला ही मोजकी, पैशानं आणि वेळेनं मिळणारी गोष्ट करून ठेवली की ज्याच्याकडे दोन्ही आहे त्याला ती आधी मिळणार. रेशनच्या साखरेचं वेगळं काय होत होतं?

डिस्लेक्सिया खराच असतो, हे मला निक्षून सांगायचं आहे. १८९६ साली प्रिंगल मॉर्गन या इंग्लिश डॉक्टरनं ब्रिटिश मेडिकल जर्नलमध्ये चौदा वर्षांच्या पर्सीबद्दल लिहिलं. मुलगा हुशार, खेळात कुणाला हार न जाणारा, पण वाचता येत नव्हतं. त्याच्या मास्तरांचं मत होतं की सगळं शिक्षण तोंडी असतं तर हा शाळेतला सगळ्यात तल्लख मुलगा ठरला असता. सव्वाशे वर्षांपूर्वीच्या त्या मास्तरांना जे दिसलं ते आजही अनेक शिक्षकखोल्यांमध्ये दिसत नाही.

पण माझ्या खोलीत येणाऱ्या दहा मुलांतली निम्म्याहून जास्त पर्सी नसतात. त्यांना कुणी वाचायला शिकवलेलंच नसतं. पहिलीत आई गावी बाळंतपणाला गेली, दुसरीत बाई निवडणुकीच्या कामावर, तिसरीत घर बदललं. आणि खरी गोम इथे आहे: पहिले सहा महिने या दोन्ही प्रकारच्या मुलांबरोबर करायचं काम तेच असतं. ध्वनी कानानं सुटा करायला शिकवणं, ध्वनीला अक्षर जोडणं, अक्षरांचा शब्द करणं, रोज, थोडं थोडं, मागचं पक्कं झाल्याशिवाय पुढे न जाता. ज्याला नुसतं शिकवलं गेलं नव्हतं तो सहा महिन्यांत सुटतो. जो उरतो त्याला तज्ज्ञांकडे पाठवा, तेव्हा तपासणीही नेमकी होते. मानेसरच्या राष्ट्रीय मेंदू संशोधन केंद्रानं ‘डाली’ ही चाचणी मराठीतही तयार केली आहे, तेव्हा साधन नाही असंही नाही. आपण मात्र उलटा क्रम लावला आहे. आधी रोगाचं नाव ठरू दे, मग जेवायला वाढू.

मुलांना वाचता येतं का हे तपासणाऱ्या ‘असर’ या पाहणीचा अहवाल दर वेळी आला की वर्तमानपत्रांत दोन दिवस हळहळ होते. देशातल्या ग्रामीण भागात सरकारी शाळेत तिसरीला असलेल्या शंभर मुलांपैकी दुसरीच्या पातळीचा उतारा वाचता येणारी मुलं २०१८ मध्ये एकवीसच्या आसपास होती, कोविडनंतर २०२२ मध्ये सोळा, २०२४ मध्ये तेवीस. वाढली, चांगलं झालं. पण उरलेल्या सत्त्याहत्तरांना काय आपण डिस्लेक्सियाचे दाखले देणार? हा अहवाल खेड्यांतून घरोघरी फिरून केलेला असतो, शहरं त्यात येत नाहीत. त्यामुळे पुण्याचा आकडा त्यात निघत नाही आणि आकडा नाही म्हणजे प्रश्न नाही, अशा समजुतीत आम्ही सुखी आहोत.

आता थोडं आमच्या अक्षरांबद्दल. मराठी लिहिल्याप्रमाणे वाचतात, त्यामुळे मराठीत वाचायला अडचण येतच नाही, असं मला एका शिक्षणाधिकाऱ्यांनी सांगितलं होतं. बोललेलं आणि लिहिलेलं इंग्रजीपेक्षा आपल्याकडे खूपच जवळ आहे, हे खरं. पण ‘पिशवी’ हा शब्द सहा वर्षांच्या मुलाच्या डोळ्यांनी बघा. डावीकडून वाचायचं, असं त्याला सांगितलं आहे. डावीकडे पहिली येते ती वेलांटी. तोंडात मात्र आधी प येतो, मग इ. त्याच शब्दाच्या शेवटी दुसरी वेलांटी, ती मुकाट्यानं उजवीकडे उभी आहे. ‘सूर्य’ मध्ये र आधी म्हणायचा आणि नंतरच्या अक्षराच्या डोक्यावर बसवायचा. ‘कमळ’ सुटं सुटं म्हटलं की क, म, ळ, आणि बोलताना शेवटचा अ गिळायचा. गिळता आला नाही की तीन अक्षरांचा शब्द होतच नाही, तीन अक्षरंच राहतात. चार मधला च वेगळा आणि चारा मधला च वेगळा, लिहायला मात्र एकच. घ आणि ध, भ आणि म, थ आणि य यांच्यात फरक केवढा, तर एका गाठीचा किंवा तोंडाशी सोडलेल्या फटीचा. व्यंजनं चौतीस धरली आणि बाराखडी लावली तर चारशेच्या वर आकार होतात, जोडाक्षरं वेगळीच. इंग्रजीला सव्वीस.

बहुतेक मुलं हे सगळं आपोआप गिळून टाकतात आणि म्हणून आपल्याला ते सोपं वाटतं. काही मुलांना ते एकेक करून, उलगडून दाखवावं लागतं. बाराखडी का कि की सुरात म्हणवून घेणं म्हणजे उलगडून दाखवणं नव्हे. सुरात म्हणायला त्या मुलाला छान येतं. ‘कु’ नुसता दाखवला तर क पासून सुरू करून बोटांवर मोजत तो तिथवर येतो.

गाण्याच्या भेंड्या खेळताना लक्ष ठेवा. वर्गाच्या सहलीत, बसमध्ये. गाणी सगळी येतात, आवाजही चांगला, पण शेवटचं अक्षर कुठलं हे ज्याला कधीच सापडत नाही आणि जो दर वेळी शेजाऱ्याच्या तोंडाकडे बघतो, त्याच्याकडे सोमवारी जरा वेगळं बसा. ही चाचणी कुठल्या पुस्तकातली नाही, माझी आहे. चुकतेही कधीकधी. पण पहिलीच्या दिवाळीपर्यंत मला जी मुलं हेरता येतात त्यात भेंड्यांचा वाटा मोठा आहे.

मला हे कळायला बराच वेळ लागला. नोकरीच्या दुसऱ्या वर्षी तिसरीत एक मुलगी होती, ‘दिवा’ लिहायची तर आधी द, मग वेलांटी, मग वा. मी तिला तो शब्द पन्नास वेळा लिहायला लावला. तिनं पन्नास वेळा लिहिला, ओळीनं, सुबक, प्रत्येक वेलांटी द च्या उजव्या अंगाला. मी ते पान सगळ्या वर्गाला दाखवलं. वर्ग हसला, मीही हसले. कानाला ज्या क्रमानं ऐकू आलं त्याच क्रमानं ती लिहीत होती, म्हणजे तिचा कान शाबूत होता आणि वेलांटीची खोड तिला सांगण्याचं काम माझं होतं, हे माझ्या डोक्यात यायला पुढची चार वर्षं गेली. तोवर ती शाळेतून गेली होती. ढ हे अक्षर ब्राह्मीपासून आजपर्यंत जवळजवळ बदललंच नाही, म्हणून न शिकणाऱ्याला ढ म्हणतात, असं सांगतात. त्या वर्गात तो शब्द मला लागू होता.

बदल सुचवला की काय होतं, तेही आपण पाहिलं आहे. २०१९ मध्ये दुसरीच्या गणिताच्या पुस्तकात ‘पंचवीस’ला जोडून ‘वीस पाच’ असं म्हणायची सोय आली. संख्यानामांतली जोडाक्षरं आणि आधी एकक मग दशक हा उलटा क्रम लहान मुलांना जड जातो, हे गणितज्ञ मंगला नारळीकर शांतपणे समजावून सांगत होत्या. त्र्याहत्तर, अठ्ठ्याऐंशी हे शब्द सात वर्षांच्या मुलाला वाचायला देऊन बघा म्हणजे कळेल. आम्ही काय केलं? विनोद केले. थेट विधानसभेपर्यंत केले. ज्यांना पंचवीस म्हणायला कधीच अडलं नव्हतं त्या लोकांनी संस्कृती बुडाल्याचं जाहीर केलं. २०२५ च्या उन्हाळ्यात पहिलीपासून हिंदी शिकवण्यावरून वाद पेटला, २९ जूनला सरकारनं त्याबद्दलचे दोन्ही जीआर मागे घेतले, पेढे वाटले गेले. त्या अडीच महिन्यांत मी पुष्कळ चर्चा ऐकल्या. अस्मिता होती, राजकारण होतं, इतिहास होता. पहिलीतल्या मुलाला पहिली भाषा वाचायला आपण कशी शिकवतो, हा प्रश्न मला एकाही स्टुडिओतून ऐकू आला नाही.

पाचवी-आठवीत नापास करायची सोय परत आली, तेव्हाही पुष्कळांना बरं वाटलं. २००९ च्या शिक्षण हक्क कायद्यातल्या, आठवीपर्यंत नापास न करण्याच्या ढकलगाडीनं वाटोळं केलं, असं म्हणणारे माझे मित्रही आहेत. ढकलगाडीनं दुखणं झाकलं, हे मला मान्य आहे. पण दुसरीत जे शिकवायचं राहिलं त्याची शिक्षा पाचवीत, आणि तीही मुलाला? पाचवीचं पुस्तक दुसऱ्यांदा समोर ठेवल्यानं वाचता कसं येईल? त्याची गाडी वेलांटीपाशी अडली आहे.

काय चालतं, हे काही गूढ नाही. या शतकाच्या सुरुवातीला ‘प्रथम’ या स्वयंसेवी संस्थेनं मुंबई आणि वडोदऱ्याच्या महापालिका शाळांत बालसखी नावाचा उपक्रम केला होता. वस्तीतल्याच शिकलेल्या मुली, तिसरी-चौथीतली मागे पडलेली मुलं, वर्गातून बाहेर काढून रोज दोन तास, इयत्ता विसरून जिथे अडलं आहे तिथून सुरुवात. पुढे २०१९ चं नोबेल मिळालेले अभिजित बॅनर्जी आणि एस्थर डुफ्लो यांनी त्याचा रीतसर अभ्यास केला. मुलं सुधारली, आणि सगळ्यात मागे होती त्यांना सगळ्यात जास्त फायदा झाला. बालसखी म्हणजे कुणी मेंदूतज्ज्ञ नव्हत्या.

मुलाला स्वतंत्र बसवून ऐकायला वेळ कुठे आहे, असं शिक्षक म्हणतात. त्यांची बाजू मला ठाऊक आहे. मतदारयाद्या, सर्वेक्षणं, लिंका भरणं, फोटो पाठवणं यांत त्यांचा दिवस जातो आणि त्याबद्दल कितीही बोललं तरी कमीच. पण हिशेब करून बघू. वर्गात चाळीस मुलं, प्रत्येकाला तीन मिनिटं, कधीही न पाहिलेला छोटा उतारा. एकशेवीस मिनिटं झाली. म्हणजे दोन तास, वर्षातून तीनदा. स्नेहसंमेलनाच्या एका नाचाच्या तालमीत याच्या चौपट वेळ जातो. न पाहिलेला उतारा मात्र हवाच. पाठ्यपुस्तकातला धडा दिलात तर बोट तिसऱ्या ओळीवर आणि तोंड पाचव्या.

आणि पहिलीचा वर्ग कुणाला देतात? जिथे जिथे मी पाहिलं तिथे शिष्यवृत्तीच्या वर्गाला सगळ्यात मुरलेले सर, दहावीला सगळ्यात कडक बाई, आणि पहिलीला नव्यानं लागलेली, बहुतेकदा तात्पुरती मुलगी. ‘लहान मुलांचंच तर आहे.’ शिष्यवृत्तीधारकांचे फोटो फलकावर लागतात. पहिलीतली चाळीसच्या चाळीस मुलं वाचायला लागली, असा फलक मी आजवर पाहिलेला नाही. १८८२ साली जोतीराव फुल्यांनी हंटर आयोगापुढे याच पुण्यातून निवेदन दिलं, त्यात सरकारचा पैसा वरच्या शिक्षणाकडे वाहतो आणि प्राथमिक शिक्षण उपाशी राहतं, ही तक्रार होती. प्राथमिकचा शिक्षक प्रशिक्षित हवा आणि त्याला पगार बरा हवा, ही मागणी होती. फुले दांपत्याच्या नावानं आपण विद्यापीठाच्या कमानीपासून मंडईपर्यंत सगळं सजवलं. ते निवेदन मात्र अजून टेबलावरच आहे.

मला हवं ते फार नाही. दर प्राथमिक शाळेत, निदान तीन-चार शाळा मिळून, फक्त वाचनासाठी एक शिक्षक. त्याला वर्ग नाही, पोर्शन नाही, निवडणूक नाही. दाखला न मागता कुठलंही मूल त्याच्याकडे जाईल आणि वाचायला लागलं की परत वर्गात येईल. दिव्यांग मुलांसाठी विशेष शिक्षक आहेत, पण ते बहुतांशी कंत्राटी, एकेकाकडे कितीतरी शाळा, आणि त्यांचा अर्धा वेळ कागद जमवण्यात जातो. पैसे नाहीत, असं म्हणतील. टॅब वाटायला होते, स्मार्ट बोर्डाला होते. माझ्या जुन्या शाळेतला स्मार्ट बोर्ड बंद पडून सहा वर्षं झाली, त्याच्यावर आता सुविचार चिकटवतात. पैशाचं कारण मी मनावर घेत नाही.

एका गोष्टीची मात्र भीती वाटते. असं पद निघालं तर सहा महिन्यांत त्याचं प्रपत्र निघेल, मग ॲप, आणि मग वाचनशिक्षकही लिंका भरायला बसेल.

या जूनमध्ये एक आई आल्या. मुलगा चौथीत, त्यांच्या हातात जाडजूड फाइल. डोळ्यांची तपासणी, कानांची तपासणी, बुद्ध्यंकाचा आकडा, दोन शाळांची पत्रं, एका खाजगी केंद्राचा अकरा पानी रिपोर्ट. दोन वर्षांचं साठलेलं. त्या एकेक कागद काढून मला दाखवत होत्या आणि मुलगा फरशीवर बसून माझ्या खडूच्या डब्याचं झाकण लावत-उघडत होता. मी त्याला म्हटलं, ‘बटाटा म्हण.’

‘बटाटा.’

‘आता त्यातला टा काढून टाक. काय उरलं?’

आई थांबल्या. त्यानं झाकण खाली ठेवलं, छताकडे बघितलं, ओठ हलवले. मग मला विचारलं, ‘कुठला? मधला का शेवटचा?’

मी फाइल मिटली आणि त्याच्याकडून खडू मागितला.